गोसीखुर्दला लोक दुसऱ्यांदा का येतील?

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या जलाशयावर राज्य शासनाने जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. बोटी, जलक्रीडा, काठावर राहण्याची सोय असे त्याचे चित्र लोकांपुढे ठेवले गेले आहे, आणि अड्याळपासून पवनीपर्यंतच्या गावांनी त्याच्याकडून आशा धरावी हे स्वाभाविकच आहे. अशा प्रकल्पाबद्दल पहिल्यांदा विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. पर्यटक किती येतील, कुठून येतील, किती हातांना काम मिळेल? हे प्रश्न रास्त आहेत. परंतु मनोरंजनाच्या जागेचे भवितव्य ज्यावर ठरते तो प्रश्न त्यांच्यामागे दडून राहतो. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा का येईल? पहिल्या खेपेला माणसाला नवलाई आणते, आणि नवलाई पैसे मोजून उभी करता येते, जाहिरातीने पसरवता येते. पाचव्या खेपेला आणणारी गोष्ट निराळी असते. ती कोणती, याचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर व्हायला हवा. भंडारा-गडचिरोलीकडच्या या झाडीपट्टीने त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या उत्सवांत जपले आहे, आणि देशविदेशातल्या मोठ्या मनोरंजन उद्यानांचा अनुभव त्याच उत्तराकडे बोट दाखवतो, असे माझे म्हणणे आहे.

दिवाळी सरली की या भागात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी भरते, आणि तो दिवस पंचक्रोशीला तोंडपाठ असतो. मैदानात उसाच्या मोळ्या, उकडलेले शिंगाडे, जिलेबी, बांगड्या, खेळणी, आकाशपाळणा, दिवसा दंडारीचे लोकनाट्य आणि रात्री नाटक. वस्तू म्हणून पाहिले तर यात दुर्मीळ काहीच नाही. ऊस बाजारातही मिळतो, आणि शिंगाडा तर याच जिल्ह्याच्या तलावांत ढिवर समाज पिकवतो. तरीही लोक दरवर्षी येतात, कारण मंडईला जायचे ते मुख्यतः माणसांसाठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, नागपूरला कामाला गेलेली पोरे परततात, सोयरिकीची बोलणी निघतात, घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात. पाहुणा निघताना आपल्या गावच्या मंडईचे आवतण देऊन जातो. नव्या माणसाला आणण्याचे काम येथे जुना माणूसच करतो. यंदाचा नवा जावई पुढच्या वर्षी धाकट्या भावाला घेऊन येतो. उद्यान चालवणाऱ्या कंपन्या नवा ग्राहक मिळवणे आणि जुना टिकवणे अशी दोन खाती करतात आणि दोन्हींसाठी वेगळा खर्च मांडतात. मंडईत ती दोन खाती नाहीतच. जुना टिकला की नवा त्याचे बोट धरून येतो. अड्याळच्या हनुमान देवस्थानाची चैत्रातली घोडायात्राही अशाच ओढीवर भरते. तेथे येणारा काही नवे पाहायला येत नाही, आपला दिवस चुकवायचा नाही म्हणून येतो.

यावर कोणी म्हणेल की मंडई फुकट असते, ती नात्यागोत्यावर चालते, तिची तुलना तिकीट काढून आत जायच्या उद्यानाशी कशी करता? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच झाडीपट्टीच्या नाटकाकडे पाहावे, कारण ते तिकीट काढूनच पाहिले जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. कंपन्यांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातले मंडळ कंपनीला बोलावते, मंडप घालते, तिकिटे विकते, आणि कडाक्याच्या थंडीत रात्र-रात्र माणसे बसून राहतात. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीची दखल घेतली. पण तिच्या प्रेक्षकाला कोणाच्या शिफारशीची गरज कधीच लागली नव्हती. या व्यवसायाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. नट ओळखीचे असतात, कंपनीचे नाव ओळखीचे असते, वाद्यवृंद समोर बसून वाजवतो, गावातला दिवसही ठरलेला असतो. बदलते ते नाटक. गेल्या वर्षी ज्या नटाने रडवले तोच यंदा कोणत्या भूमिकेत येतो याची उत्सुकता माणसाला पुन्हा मंडपात आणते. जे आवडते ते जागच्या जागी ठेवायचे आणि त्याच्या पोटात दरवर्षी काही नवे घालायचे, ही ती युक्ती.

या ओढीची कसोटीही लागून गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि लाखनीसारख्या गावांचे शंकरपट थांबले. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी असल्याने नाटकांनाही त्याची झळ बसली. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीपासून परवानगीपर्यंत सात वर्षे गेली होती. इतका खंड पडूनही पट पुन्हा भरले आणि माणसे शर्यतीच्या दानीवर परतली. बैलांना होणाऱ्या त्रासाचा मुद्दा गंभीर आहे आणि नियमांची अंमलबजावणी कडक असलीच पाहिजे. येथे मुद्दा एवढाच की सात वर्षे बंद राहून उघडल्यावर तीच माणसे परत येतील, अशी खात्री किती मनोरंजन उद्यानांना देता येईल?

ही खात्री देता येत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच समोर आहे. मुंबईजवळ गोराईला 1989 मध्ये एसेलवर्ल्ड सुरू झाले. खाडी ओलांडून बोटीने जायचे, दिवसभर पाळण्यांत बसायचे आणि संध्याकाळी परतायचे, हे त्या वेळच्या मुलांना स्वप्नवत होते. नव्वदच्या दशकात शाळांच्या सहली तेथे जात आणि त्याच्या जाहिरातीचे गाणे देशभर पाठ होते. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले. परंतु ज्या पिढीने लहानपणी एसेलवर्ल्ड पाहिले, तिने आपल्या मुलांना तेथे नेण्याइतके नवे त्यात काही उरले नाही. पाळणे जुने होत गेले, शहरात मॉल आणि मल्टिप्लेक्स आले, आणि 2022 मध्ये उद्यान बंद झाले. ते आठवणाऱ्यांची संख्या आजही प्रचंड आहे. तरीही फाटक बंद पडले, याचा अर्थ असा की आठवण आणि निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण आपोआप राहते. निष्ठेला दर हंगामाला काहीतरी द्यावे लागते, आणि जे द्यायचे ते न दिल्यास प्रेमळ आठवणी सांगणारी माणसेसुद्धा तिकीट काढत नाहीत.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाची कथा याच्या उलट दिशेने सुरू झाली आणि तशाच अडचणीत आली. मनमोहन शेट्टी यांनी 2013 मध्ये हे उद्यान उघडले तेव्हा त्यात नव्याची कमतरता नव्हती. नायट्रोसारखा जबरदस्त रोलर कोस्टर होता, भारतभर हवाई सफर घडवणारा पडदा होता, पुढच्या वर्षी जलउद्यान आले, 2016 मध्ये बर्फाचे दालन आले. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे दोन-अडीच तासांत. चुकले ते गणित. हा सारा पसारा मोठ्या कर्जावर उभा होता आणि ते कर्ज हजार कोटींच्या पलीकडे गेले. व्याज फेडायचे तर तिकीट महाग ठेवावे लागते. तिकीट महाग असले की चार माणसांचे कुटुंब एकदा येते, फोटो काढते आणि पुढची काही वर्षे फिरकत नाही. त्यात जुलै 2017 मध्ये जीएसटीचा दर 28 टक्के लागला, तो जानेवारी 2018 मध्ये 18 टक्क्यांवर आला. पुढे कोरोनाने फाटकच बंद केले. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने उद्यान ताब्यात घेतले, कर्जाचा मोठा भार उतरला आणि तेच पाळणे, तीच जागा सावरू लागली. कर्ज, तिकीट आणि पुन्हा येणारा माणूस यांची साखळी इतकी स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आपल्या राज्यात नाही. केरळच्या वंडरलाने वेगळी वाट धरली. 2000 साली कोचीत एक उद्यान, पाच वर्षांनी बंगळूरुत दुसरे आणि 2016 मध्ये हैदराबादला तिसरे, अशी ती कंपनी पावला-पावलाने वाढली, अनेक राइड्स स्वतःच्या कारखान्यात बनवल्या आणि शाळा-कॉलेजांच्या गटांना सवलती देऊन तरुणांना सवय लावली. जी वस्तू स्वतः घडवता येते ती स्वस्तात बदलताही येते, हे त्यातले मर्म.

डिस्नेचे नाव या विषयात घेतल्यावाचून राहता येत नाही, पण त्यांच्या यशापेक्षा फजितीतून शिकण्यासारखे अधिक आहे. एप्रिल 1992 मध्ये पॅरिसजवळ त्यांचे उद्यान उघडले. अमेरिकेत चालले ते येथेही चालेल या भरवशावर ते बांधलेले होते. फ्रेंच माणूस दुपारच्या जेवणासोबत वाइन घेतो, आणि उद्यानात वाइनला मनाई होती. तिकीट महाग होते, हॉटेले रिकामी राहत होती, आणि दोन वर्षांत दिवाळखोरीची भाषा सुरू झाली. मग वाइनची मनाई उठली, 1995 मध्ये तिकीट सुमारे एक पंचमांशाने उतरवले, त्याच वर्षी स्पेस माउंटन ही मोठी नवी राइड सुरू केली आणि उद्यान प्रथमच नफ्यात आले. यजमानाने पाहुण्याच्या पंगतीचा रिवाज ओळखला, दर त्याच्या आवाक्यात आणला, आणि मग नवे काही दाखवले. टोकियोचे डिस्नेलँड 1983 पासून चालू आहे आणि तेथे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण आधी येऊन गेलेले असतात. त्यांतले पुष्कळ जण टोकियो आणि भोवतालच्या प्रदेशातले आहेत. ऋतूप्रमाणे तेथील मिरवणुका, सजावट, खाण्याचे पदार्थ बदलत राहतात आणि किल्ला तोच राहतो. झाडीपट्टीत कंपनी तीच राहते आणि नाटक बदलते, त्याचीच ही महागडी आवृत्ती म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भंडारा जिल्हा धान पिकवणारा, 2011 च्या जनगणनेप्रमाणे बारा लाख वस्तीचा. येथल्या माणसाच्या खिशात मनोरंजनासाठी किती पैसा असणार? मग प्रकल्प बाहेरच्या, पैसेवाल्या पर्यटकासाठीच आखावा, असे म्हणणारे चुकीच्या हेतूने बोलत नाहीत. त्यांनी पवनीच्याच शेजारचा अनुभव मात्र आठवावा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 2013 मध्ये नागझिऱ्याहून जय नावाचा वाघ आला. त्याच्या देखणेपणाची कीर्ती देशभर गेली, सफारीच्या गाड्या भरू लागल्या, गाइड आणि जिप्सीवाल्यांच्या घरी पैसा आला. एप्रिल 2016 नंतर जय दिसेनासा झाला आणि त्याच्यासाठी येणारी गर्दी ओसरली. जंगल तेच होते, पवनीचे प्रवेशद्वारही तेथेच होते. लांबून येणारा माणूस एका आकर्षणासाठी येतो आणि ते गेले की त्याचे येणे थांबते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या भरवशावर वर्षभराचे पगार देता येत नाहीत. विदर्भाचा उन्हाळा, पावसाळ्यातला पूर आणि शाळेच्या परीक्षा वजा केल्या की लांबच्या पर्यटकाचे थोडेच महिने उरतात. उरलेल्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी, बोट चालू ठेवणारा प्रवासी अड्याळचा, पवनीचा, भंडाऱ्याचा, कुहीचा आणि नागपूरचाच असेल. तो कमी पैसे देईल, पण अनेकदा देईल. वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा नवा केबल पूल पाहायला लोक एकदा जातील. तेथील चैतन्येश्वराला ते दरवर्षी जातात. पुलाला देवळाच्या यात्रेची जोड मिळाली तरच त्या काठावरचे दुकान बारा महिने चालेल. शेगावला गजानन महाराज संस्थानाने आनंद सागर हे उद्यान उभारले तेव्हा हेच घडले होते. दर्शनाला पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाविकाच्या फेरीत उद्यान जोडले गेले आणि त्याला वेगळ्या गर्दीची वाट पाहावी लागली नाही.

दरवर्षी नवे द्यायचे म्हणजे दरवर्षी कोट्यवधींचा खर्च, ही भीतीही व्यक्त केली जाईल. यंत्रे बदलायची म्हटली तर ती खरी आहे. दंडार, खडी गंमत, नाटक, पट यांच्या बाबतीत ती खरी नाही. जलाशयाच्या काठी एक चांगला कायमस्वरूपी रंगमंच असेल आणि हंगामात तेथे आठवड्याला वेगळे नाटक लागेल, तर नव्याचा पुरवठा वडशाहून होत राहील. अर्थात केवळ लोककलेवर तरुण पोरे थांबणार नाहीत. त्यांना वेग हवा, थरार हवा, आणि तो देणारी काही साधने लागतीलच. ती मोजकी असावीत, दुरुस्ती येथेच होईल अशी असावीत. धोका आहे तो दुसऱ्या बाजूने. पर्यटकासाठी दंडारीचे दहा मिनिटांचे तुकडे करायचे आणि कलावंतांना हॉटेलच्या दारात स्वागतासाठी उभे करायचे, हा प्रकार अनेक पर्यटनस्थळी पाहायला मिळतो. त्याने कलेचाही मान जातो आणि गावचा प्रेक्षकही दुरावतो, कारण आपली दंडार त्याला पूर्ण पाहायची असते. नाटक रात्रभर चालत असेल तर ते रात्रभरच चालू द्यावे आणि कलावंताला त्याच्या कंपनीच्या दराने पैसे द्यावेत. बाहेरचा पाहुणा अर्ध्यावर उठून झोपायला गेला तरी चालेल. भरलेला मंडप पाहूनच तो पुढच्या वेळी चार मित्रांना घेऊन येईल.

या सगळ्याआधी एक साधी गोष्ट आहे, तिच्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या पाण्यात येते. जलपर्णी पसरते, पाण्याला वास येतो, मासेमारी करणाऱ्यांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. पहिल्या खेपेला बोटीत बसलेला माणूस फोटोच्या भरात वास सहन करील, दुसऱ्या खेपेला घरच्यांना घेऊन येणार नाही. सुरक्षेचेही तसेच. वैनगंगेत आणि वर्धा नदीत नाव उलटून जीव गेल्याच्या बातम्या या भागातल्या लोकांच्या मनात ताज्या आहेत. प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता पाळणे, वादळाच्या दिवशी बोट न सोडणे, हे नियम कागदावर राहिले आणि एक अपघात झाला, तर कोणतीही जाहिरात त्या काठावर कुटुंबांना परत आणू शकणार नाही. आणि ज्यांच्या शेतीवर, घरांवर हे पाणी उभे आहे त्यांचा प्रश्न आहे. एप्रिल 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि अनेक गावे उठली. त्या गावांतल्या तरुणांना बोटचालक, गाइड, उपाहारगृहाचे मालक म्हणून पहिला हक्क मिळायला हवा. यात न्याय तर आहेच, व्यवसायाचे शहाणपणही आहे. मंडईत पाहुणा परत येतो तो यजमान ओळखीचा असतो म्हणून. कंत्राटदाराने दूरवरून आणलेला आणि सहा महिन्यांत बदलणारा कर्मचारी कोणाचा यजमान होणार?

म्हणून प्रकल्पाच्या निविदा काढताना काही अटी शासनाने स्पष्ट लिहाव्यात. जलाशयाकाठच्या तालुक्यांच्या रहिवाशांसाठी वर्षभराचा स्वस्त पास पहिल्या दिवसापासून असावा, आणि त्याची किंमत धानाच्या रोवणीला जाणाऱ्या मजुराच्या कुटुंबाला परवडेल अशी असावी. अड्याळ, पवनी, भंडारा येथून एसटीची शेवटची बस नाटक सुटल्यावर निघावी. सारी साधने कर्ज काढून एकाच वर्षी उभी करू नयेत; थोड्या साधनांनी सुरुवात करून मिळकतीतून वाढवावीत. पंचक्रोशीतल्या मंडयांच्या, यात्रांच्या आणि पटांच्या तारखा पाहून वर्षाचे वेळापत्रक बांधावे, म्हणजे जलाशय गावच्या उत्सवाशी स्पर्धा करणार नाही, त्या उत्सवाला आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी पाण्यावर येतील. आणि एकूण पर्यटकांचा फुगलेला आकडा सांगण्याऐवजी जिल्हा प्रशासनाने दरवर्षी एकच आकडा जाहीर करावा. आलेल्या माणसांपैकी आधी येऊन गेलेले किती होते? तो आकडा वाढत असेल तर प्रकल्प चालला, घटत असेल तर चुकले कुठे हे वेळेत कळेल. पवनी तालुक्यातल्या ग्रामसभांनी ही मागणी ठराव करून आत्ताच जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.